हिमालयातली निळी पॉपी: शोधायची कशी, ओळखायची कशी, नोंदवायची कशी

जुलैचा मध्य उलटला की ट्रेकर्सच्या ग्रुपवर व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचे फोटो पडायला लागतात. त्यात एखादं निळं-जांभळं फूल असतंच आणि खाली 'ब्लू पॉपी दिसली!' असा आनंदही असतो. झूम करून बघावं तर पुष्कळदा ते जिरेनियम निघतं. एवढा चिखल तुडवून आलेल्या माणसाला हे सांगणं जिवावर येतं. वाईट याचं वाटतं की खरी निळी पॉपी बहुधा त्याच्याच वाटेवर होती. हेमकुंडच्या चढाला दगडाआड उभी होती आणि तो मान खाली घालून, धापा टाकत तिच्या शेजारून गेला.

ही चुकामूक टाळता येते. त्यासाठी वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही, पण थोडा अभ्यास घरून करून जावा लागतो.

आधी झाड समजून घ्या

पश्चिम हिमालयात जी निळी पॉपी दिसते तिचं शास्त्रीय नाव मेकोनॉप्सिस अ‍ॅक्युलिएटा. सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख असलेल्या जॉन फोर्ब्स रॉइलने १८३० च्या दशकात हिमालयातल्या वनस्पतींवर मोठं काम केलं; या जातीचं शास्त्रीय वर्णन त्याच्याच नावावर आहे. काश्मीर, लडाखचा काही भाग, हिमाचल, गढवाल आणि कुमाऊं हा तिचा मुलूख. साधारण ३,००० मीटरच्या वर, ओलसर उतारांवर, खडकांच्या आडोशाला ती वाढते.

कूळ अफूचं. या कुळातलं एक झाड आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे: रस्त्याच्या कडेला, पडीक रानात उगवणारा पिवळा धोत्रा. कापलेल्या कडांचं काटेरी पान, पातळ पाकळ्या, मधे पुंकेसरांचा गच्च पुंजका आणि काट्यांनी भरलेलं बोंड. हिमालयात जाण्याआधी एकदा पिवळ्या धोत्र्यासमोर बसून घ्या. पुंकेसर, देठ, कळी, बोंड नीट बघा. फूल निळं झालं आणि मान खाली घातली की ठेवण बरीचशी तीच. एवढा गृहपाठ कोणत्याही ॲपपेक्षा जास्त कामाला येतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही पॉपी आयुष्यात एकदाच फुलते. पहिली काही वर्षं ती जमिनीलगत पानांचा नुसता झुबका असते. हिवाळ्यात पानं झडतात, बर्फाखाली मूळ तग धरतं, उन्हाळ्यात पुन्हा पानं फुटतात. पुरेसं बळ साठलं की एका वर्षी दांडा वर येतो, फुलं येतात, बी पडतं आणि झाड मरतं. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना कारवी माहीत असते. तीही फुलून मरते. पण कारवी डोंगरच्या डोंगर एकदम फुलते, त्यातली चार झाडं कुणी ओरबाडली तरी बी पडायचं थांबत नाही. पॉपीत प्रत्येक झाडाची वेळ वेगळी, आणि एका कपारीत फुललेली झाडं असतात दोन-तीन. दांडा तोडला की त्या झाडाचा वंश तिथेच संपला. पुढे मी जे काही 'करू नका' म्हणणार आहे, त्यामागे हेच कारण आहे.

अमचीच्या पोतडीत हिचं काम काय

तिबेटी वैद्यकाला सोवा रिग्पा म्हणतात आणि त्याच्या वैद्याला लडाख-स्पितीत अमची. या परंपरेचा मूळ ग्रंथ ग्युशी. त्याला आजचं रूप बाराव्या शतकात युथोक योन्तेन गोन्पो याने दिलं असं मानतात. आयुर्वेदाशी याचं नातं जुनं आहे. वाग्भटाचं अष्टांगहृदय अकराव्या शतकात तिबेटी भाषेत गेलं. आपल्याकडे बीएएमएसच्या पहिल्या वर्षाची मुलं जो ग्रंथ घोकतात, तोच. त्यामुळे तिबेटी वैद्यकातले लुंग, ठीपा आणि बेकन हे तीन दोष ऐकले की वात-पित्त-कफ आठवल्याशिवाय राहत नाहीत.

मेकोनॉप्सिसच्या जाती या औषधांत 'उत्पल' या नावाखाली येतात आणि फुलाच्या रंगावरून त्यांचे प्रकार पडतात. निळी ती उत्पल ङोनपो. ती शीत गुणाची मानतात. यकृत आणि फुप्फुसातली 'उष्णता' कमी करणाऱ्या मिश्रणांत ती पडते. फार काटेरी जातींना 'छेर ङोन' असंही म्हणतात आणि त्यांचा उपयोग हाडांच्या दुखण्यावर, मोडलेलं हाड सांधताना सांगितला आहे. एकाच नावाखाली वेगवेगळ्या प्रदेशांत वेगवेगळ्या जाती वापरल्या जातात, कारण अमची आपल्या डोंगरावर जे मिळतं त्यावर काम भागवतो. तिबेटच्या पठारावर मिळणारी जात लडाखमध्ये मिळेलच असं नाही.

वनस्पती गोळा करण्याचे या परंपरेचे नियम मला फार आवडतात. योग्य जागी उगवलेली हवी, योग्य वेळी काढलेली हवी, नीट वाळवलेली हवी, जुनी-नवी ओळखता यायला हवी, तिचा विषारी अंश काढायला हवा, ती मृदू करायला हवी आणि मग योग्य जोडीदारांबरोबर मिसळायला हवी. वाळवण्यातही भेद आहे: थंड गुणाची वनस्पती सावलीत, वाऱ्यावर, उष्ण गुणाची उन्हात. म्हणजे निळी पॉपी उन्हात वाळत घातलेली दिसली तर ती घालणारा या परंपरेतला नाही, असं खुशाल समजा.

कधी आणि कुठे जायचं

मराठी माणसाला सगळ्यात सोपी जागा म्हणजे उत्तराखंडातलं घांघरिया. इथून एक वाट व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाते, दुसरी हेमकुंड साहिब या शिखांच्या तीर्थाला. १९३१ साली कामेट शिखरावरून उतरताना फ्रँक स्माइद आणि त्याचे साथीदार या दरीत उतरले आणि तिचं नाव जगभर झालं. १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं. उद्यान १ जून ते ३१ ऑक्टोबर उघडं असतं, पण पॉपीसाठी तुमच्या कामाचे दिवस म्हणजे जुलैचा दुसरा आठवडा ते ऑगस्टचा मध्य.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो: पॉपी बघायची असेल तर हेमकुंडचा दिवस सोडू नका. बरेच जण दरीला दोन दिवस देतात आणि 'चढ फार आहे, आणि आपण काही यात्रेला आलो नाही' म्हणून हेमकुंड वगळतात. दरीतही पॉपी आहे, पण दरीचा तळ ऑगस्टपर्यंत उंच गवताने आणि पॉलिगोनम नावाच्या तणाने भरून जातो. उद्यान झाल्यावर इथली चराई बंद केली आणि हे पॉलिगोनम माजलं. वनखातं ते दरवर्षी उपटतं. पॉपीला हवी असते खडकाळ, ओली, मोकळी जागा. हेमकुंडच्या वाटेचा वरचा भाग अगदी तसा आहे. ब्रह्मकमळंही तिथेच, जुलैअखेरीपासून पुढे.

प्रवासाचं थोडक्यात: मुंबई-पुण्याहून हरिद्वार किंवा डेहराडून, तिथून ऋषिकेशमार्गे जोशीमठ, म्हणजे आताचं अधिकृत ज्योतिर्मठ. ऋषिकेशपासून हा अडीचशे किलोमीटरचा रस्ता एक पूर्ण दिवस खातो. पुढे गोविंदघाट, तिथून जीपने पुलना आणि पुलन्यापासून घांघरियापर्यंत साधारण १० किलोमीटर पायी किंवा खेचरावर. पावसाळ्यात या रस्त्यावर दरड कोसळणं नेहमीचं आहे, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा. एक दिवस ठेवणारे लोक हरिद्वार स्टेशनवर हळहळताना दिसतात.

दिवसाची आखणी

घांघरिया सुमारे ३,०५० मीटरवर आहे आणि हेमकुंड ४,००० मीटरच्या वर. सहा किलोमीटरांत हजार मीटरहून जास्त चढ. म्हणून पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दरी आणि तिसऱ्या दिवशी हेमकुंड असा क्रम ठेवा; अंगाला उंचीची सवय व्हायला तेवढाच वेळ मिळतो. डोकं ठणकणं, मळमळ, चालताना तोल जाणं यातलं काही सुरू झालं तर फूल विसरून खाली उतरा. त्यावर दुसरा उपाय नाही.

हेमकुंडला रात्री राहता येत नाही आणि दुपारी यात्रेकरूंना खाली पाठवायला सुरुवात होते. पहाटे पाचच्या सुमारास निघालात तर वर लंगरमध्ये गरम खिचडी आणि चहा घेऊनही हाताशी वेळ उरतो. फुलं शोधायचं काम उतरताना करा. चढताना दम लागलेला असतो, नजर पायाखाली असते आणि ढगही बहुधा खाली असतात. उतरताना डोळे मोकळे असतात. वरच्या टप्प्यात वळणावळणाच्या वाटेला छेद देणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत. त्यांच्या दोन्ही बाजूंचे खडक, झिरपणारं पाणी आणि कपारी सावकाश न्याहाळत या.

भ्युंडार आणि पुलन्याकडचे गाइड घांघरियात भेटतात. एखाद्याला घ्याच. त्याला 'फुलं दाखवा' म्हणू नका, 'यंदा पॉपी कुठल्या वळणाला आहे' असं विचारा. तो आठवड्यातून अनेकदा वर जातो. कालची बातमी त्याच्याकडे असते.

ओळख पटवायची

निळं काहीतरी दिसलं की लगेच मोबाइल काढू नका. आधी वाटेवरच उकिडवे बसा आणि या क्रमाने बघा.

पाकळ्या मोजा. पॉपीला बहुतेक वेळा चार असतात, कधी पाच-सहा. पाच नेटक्या पाकळ्या, त्यांवर शिरांच्या रेघा आणि हाताच्या पंजासारखी विभागलेली पानं असतील, तर ते जिरेनियम. फोटोंत सगळ्यात जास्त घोटाळा याचाच होतो.

मग मध्यभाग. पॉपीत पुंकेसरांची दाटी असते. परागकोश सोनेरी-पिवळे, पण त्यांना धरणारे तंतू पाकळीच्याच निळसर-जांभळ्या रंगाचे. या दोन रंगांची जोडी एकदा पाहिली की विसरत नाही. मधोमध हिरवा अंडाशय आणि तोही काट्यांनी भरलेला.

पाकळ्यांचा पोत बघा. फूल उमलताना कळीवरची दोन काटेरी निदलं, म्हणजे बाहेरची आवरणं, गळून पडतात आणि आत घडी घालून कोंबलेल्या पाकळ्या बाहेर येतात, त्या चुरगाळून पुन्हा उलगडलेल्या पतंगाच्या कागदासारख्या दिसतात. पावसाने भिजल्या की इतक्या पातळ होतात की पलीकडचा दगड दिसतो.

आता पानं आणि खोड. पानांच्या कडा खोल कापलेल्या असतात, आणि पान, दांडा, कळी, बोंड या सगळ्यांवर गवताच्या रंगाचे ताठ केस. हात लावून खात्री करायची गरज नाही, ते टोचतात. पूर्व हिमालयात आणि तिबेटात मेकोनॉप्सिस हॉरिडुला नावाची आणखी काटेरी जात आहे, तिच्या पानांच्या कडा अशा कापलेल्या नसतात. भूतान-सिक्कीमचे फोटो बघून गढवालला जाणारे इथेच गोंधळतात.

शेवटची खूण फारशी कुणी सांगत नाही. या झाडाची फुलं वरून खाली उमलतात. शेंड्याला बोंड धरलेलं, मधे उमललेली फुलं आणि खाली मान टाकलेल्या कळ्या असं एकाच दांड्यावर दिसतं. वर बोंड किती आणि खाली कळ्या किती, यावरून बहर किती उरलाय याचा अंदाज येतो.

आता घातक गोंधळाबद्दल. याच उंचीवर बचनागाच्या जाती असतात, त्यांनाही निळी-जांभळी फुलं येतात. त्यांत वरची पाकळी टोपीसारखी मागून पुढे आलेली असते. डेल्फिनियमच्या फुलाला मागे शेपटी असते, तेही विषारी. फुलांच्या माहितीचा अर्धवट धडा घेऊन 'हे तिबेटी औषध आहे' म्हणत कुणी पाकळी चघळायला निघालं तर त्याचा हात धरा. बचनागाने माणूस मरतो. खुद्द पॉपीच्या कुळातही अल्कलॉइड भरपूर असतात; आपल्या पिवळ्या धोत्र्याचं बी मोहरीत मिसळल्यामुळे १९९८ मध्ये दिल्लीत लोक दगावले होते.

फोटो असा काढा की ओळख पटेल

सुंदर फोटो आणि उपयोगी फोटो या दोन गोष्टी आहेत. आधी उपयोगी काढा: पूर्ण झाड, मुळाजवळची पानं, फूल समोरून, फूल मागून, पुंकेसरांचा जवळून, बोंड असलं तर बोंड, आणि शेवटी चार पावलं मागे येऊन ते झाड कसल्या जागी उभं आहे याचा एक.

ढगाळ उजेड हा इथला फायदा आहे. कडक उन्हात मोबाइल निळ्याचं जांभळं करतो. ऊन असेल तर छत्रीची सावली धरा आणि एक्स्पोजर थोडं खाली ओढा. फूल मान खाली घालून असतं, म्हणून कॅमेरा फुलाच्याही खाली न्यावा लागतो. त्यासाठी उतारावर झोपू नका. तुमच्या कोपराखाली पुढच्या वर्षी फुलणारा पानांचा झुबका असू शकतो, आणि फूल नसलेला झुबका कुणाच्याच लक्षात येत नाही. फूल हाताने वळवून कॅमेऱ्याकडे करणं तर नकोच. दांडा पोकळ नसला तरी पाण्याने भरलेला, नाजूक असतो.

राष्ट्रीय उद्यानात काहीही तोडणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. कास पठारावर कुंपण आणि ऑनलाइन बुकिंग का आलं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना यापेक्षा जास्त सांगायला नको.

नोंद करा, पण जागा झाका

घांघरियात नेटवर्कचा भरवसा धरू नका. नोंदी वहीत करा आणि अपलोड घरी आल्यावर. त्यासाठी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या झाडं-प्राण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइट्स आहेत, दोन्ही फुकट. एका झाडाचे सगळे फोटो एकाच नोंदीत टाका, तारीख खरी टाका, आणि शेऱ्यात कळ्या-फुलं-बोंडं यांची मोजणी लिहा. वेगवेगळ्या वर्षांच्या अशा नोंदी शेजारी ठेवल्या की बहर लवकर येतोय की उशिरा, हे दिसायला लागतं.

आयनॅचरलिस्टवर नोंद करताना जागेची गोपनीयता 'ऑब्स्क्युअर्ड' ठेवा. मग जगाला नेमका बिंदू न दिसता बऱ्याच मोठ्या चौकटीतला कुठलातरी बिंदू दिसतो. खरी जागा तुमच्याकडे राहते. औषधी वनस्पती चोरणाऱ्याला नकाशा करून देण्याचं कारण नाही. फेसबुकवरही 'पायऱ्यांच्या अमुक वळणाला उजवीकडे' असं लिहू नका.

औषधाबद्दलच कुतूहल असेल तर

मग फुलाकडून नाही, अमचीकडून सुरुवात करा. सोवा रिग्पाला भारतात २०१० मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. लेहमध्ये राष्ट्रीय सोवा रिग्पा संस्था आहे. धरमशाळेला मेन-त्सी-खांग ही संस्था १९६१ पासून आहे. ल्हासातली मूळ संस्था १९१६ ची, ती निर्वासितांनी इकडे नव्याने उभी केली.

अमचीकडे गेलात तर तो आधी नाडी बघेल, बराच वेळ, तीन बोटांनी. मग जीभ, लघवी आणि खाण्यापिण्याची चौकशी. इथे घाई करू नका आणि 'निळी पॉपी असलेलं औषध द्या' अशी मागणी तर करूच नका. एकेका गोळीत अनेक घटक असतात, पॉपी त्यातला एक. विचारायचंच असेल तर हे विचारा: तुम्ही उत्पल म्हणून कोणती जात वापरता, कोणता भाग, कुठून येतो, आणि मिळालं नाही तर त्याऐवजी काय घालता? चांगला अमची या प्रश्नांवर खुलतो. डोंगरावर माल कमी झाल्याची चिंता सगळ्यात आधी त्यालाच असते.

एक सावधगिरी. 'रिन्चेन' प्रकारच्या मौल्यवान गोळ्यांपैकी काहींत प्रक्रिया केलेला पारा असतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि नियमित गोळ्या घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरला न सांगता त्या घेऊ नयेत. आणि यात्रेच्या वाटेवर पिशवीत भरून विकायला ठेवलेली वाळकी फुलं-मुळं घेऊ नका. ती काय आहेत हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

घरी लावता येईल का?

नाही. ऑनलाइन 'ब्लू पॉपी सीड्स' या नावाने निळ्याशार फोटोखाली पाकिटं विकली जातात. पाकिटातलं बी खरं असलं तरी त्याला थंडीचे आठवडे, मग गार ओलावा आणि पुढचे सगळे उन्हाळे थंडच लागतात. महाबळेश्वरसुद्धा त्यासाठी गरम आहे. ते पैसे घांघरियातल्या गाइडला द्या.